पडद्याकडे पाठ

वर्धापनदिनाच्या तयारीच्या सभेत भुताचा विषय पहिल्यांदा कुणी काढला, याबद्दल कांदिवलीच्या नवविहार सोसायटीत आजतागायत एकमत नाही. सेक्रेटरी मार्तंड सबनीस म्हणतात, तळमजल्यावरच्या रत्नप्रभाबाईंनी काढला. रत्नप्रभाबाई म्हणतात, धोंडू राऊळांनी. धोंडू राऊळ म्हणतात, असले विषय माणूस काढत नाही, ते आपले आपण निघतात. इतिवृत्तात सबनिसांनी 'चर्चेच्या ओघात' एवढंच लिहून ठेवलं आहे. विद्याधर गुप्ते यांच्या आयुष्यातले सर्वांत वाईट तीन आठवडे असे चर्चेच्या ओघात सुरू झाले.

एरवी या सभेत ठरवण्यासारखं काही नसे. सकाळी सत्यनारायण, मग जेवण, आणि जेवणानंतर रत्नप्रभाबाईंच्या हॉलमध्ये व्हिडिओवर एखादा कौटुंबिक सिनेमा. बाईंच्या यजमानांनी मस्कतहून आणलेला व्हीसीआर हा सोसायटीतला एकुलता एक. त्याच्यावर क्रोशाचं आच्छादन असे आणि ते काढायचा मान फक्त बाईंचा. गेल्या वर्षीच्या सिनेमात नायकाची आई पावणेतीन तास आजारी होती आणि शेवटी बरी झाली. त्या आठवणीनं सगळेच कावले होते. यंदा काहीतरी वेगळं आणू या, असं कुणीतरी म्हणालं, आणि बोलणं आपण पाहिलेल्या सर्वांत भयंकर सिनेमावर जाऊन पोचलं.

या विषयावर बोलायला कुणालाही अभ्यास लागत नाही. रत्नप्रभाबाईंनी एका सिनेमात बंद हवेलीच्या भिंतीतून हात आलेला पाहिला होता. "तीन दिवस मी कपाट उघडलं नाही हो. एका साडीवर काढले तीन दिवस!" सबनीस महानगरपालिकेतून निवृत्त झालेले. त्यांनी पाहिलेल्या सिनेमात एक मेलेला हेडक्लार्क रोज ऑफिसात येऊन फायलींवर सह्या करायचा.

"त्यात घाबरण्यासारखं काय?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"त्या सह्या ग्राह्य धरत होते," सबनीस म्हणाले आणि त्यांच्या अंगावर खरोखर शहारा आला.

धोंडू राऊळ पंचवीस वर्षं गिरणीत होते आणि संपानंतर साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लागले होते. त्यांना या सगळ्याचं हसू आलं. "सिनेमातला भूत तिकीट काढून बघूचा लागता. आमच्या गावाक फुकट दिसता."

इथपर्यंत गुप्ते गप्प होते. पुढेही गप्प राहिले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण गुप्त्यांच्या ऑफिसात त्यांच्या खुर्चीचा एक हात तीन वर्षं मोडलेला होता, मोठ्या साहेबांना त्यांचं नाव अजून 'गुर्जर' वाटत होतं, आणि जगात त्यांच्यापाशी बढाई मारण्याजोगी गोष्ट एकच होती. ती त्यांना गप्प बसू देईना.

"तुम्ही ज्याला भीती म्हणता ना, ती भीती नव्हेच," चष्मा पुसत ते म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी मी फोर्टात एक इंग्लिश पिक्चर बघितला. एका जुन्या घरात एक कुटुंब राहायला येतं. बस्स, एवढंच. पण इंटरव्हलनंतर अर्धं थिएटर रिकामं! शेवटच्या वीस मिनिटांत अख्ख्या बाल्कनीत मी एकटा. दारात तो डोअरकीपर, तोही पडद्याकडे पाठ करून उभा."

यातला डोअरकीपर खरा होता. तो गुप्त्यांना चांगला आठवत होता, कारण ते त्याच्याच शेजारी, दाराच्या बाहेरच्या बाजूला उभे होते. सिनेमाची वीस मिनिटं झाली होती, घरातला कुत्रा तळघराच्या दारापाशी गुरगुरत उभा राहिला होता, आणि गुप्त्यांना लघुशंका आठवली होती. त्यानंतरचा सगळा वेळ त्यांनी वेफर्सच्या काउंटरपाशी काढला. बरोबर आलेला ऑफिसातला जयवंत परतताना पुढची गोष्ट सांगायला लागला, तीही गुप्त्यांनी तळघराच्या पायऱ्यांपर्यंतच ऐकून घेतली. बाकीचा सिनेमा त्यांनी स्वतः रचला होता, आणि सहा वर्षांत तो बराच लांबला होता.

"माझे बाबा कशालाच घाबरत नाहीत," खिडकीत बसलेली माणिक म्हणाली.

माणिक ही गुप्त्यांची मुलगी, वय वर्षं दहा. हे वाक्य तिनं कौतुकानं म्हटलं नव्हतं, भारताची राजधानी दिल्ली म्हणतात तसं म्हटलं होतं. वर्षापूर्वीपर्यंत ही मुलगी खुंटीवरच्या शर्टाला घाबरायची. तेव्हा गुप्त्यांनी तिला मांडीवर घेऊन थिएटरची गोष्ट सांगितली होती. "मी बघ, एकटा बसलो शेवटपर्यंत. काय झालं मला?" माणिकनं बराच वेळ विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी आपली गादी स्वतः ओढत बाहेरच्या खोलीत नेली. तेव्हापासून ती तिथे एकटी झोपत होती. संध्याकाळी गच्चीवरचे कपडे एकटी काढून आणत होती. शाळेत 'माझे वडील' या निबंधात तिनं ती बाल्कनी, तो डोअरकीपर, सगळं लिहिलं होतं, आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. आयुष्यात गुप्त्यांना इतकं कुणी मानलं नव्हतं. ते मानणं हातचं जाईल या भीतीपुढे भुताची भीती काहीच नव्हती, आणि भुताची भीतीही त्यांना भरपूर होती.

"मग तोच आणू या की!" रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"इंग्लिश आहे हो," गुप्ते घाईनं म्हणाले. "उच्चार फार जड. कुणाला कळायचं नाही."

"बाबा सांगतील ना समोर बसून," माणिक म्हणाली. "त्यांना पाठ आहे."

ठराव एकमतानं मंजूर झाला. सूचक म्हणून रत्नप्रभाबाईंचं नाव पडलं. अनुमोदक म्हणून माणिकचं नाव घालता येत नव्हतं, ती सभासद नव्हती, म्हणून सबनिसांनी तिथे गुप्त्यांचंच नाव घातलं.

तिसऱ्या दिवशी जिन्यातल्या फळ्यावर परिपत्रक लागलं. रविवार दिनांक ९ नोव्हेंबर १९८६ रोजी दुपारी ठीक अडीच वाजता भीतिदायक चित्रपट दाखवण्यात येईल. वेळ दुपारची ठेवण्यामागे सभासदांची सुरक्षितता हा हेतू आहे. साठ वर्षांवरील सभासदांनी 'मी स्वतःच्या जबाबदारीवर घाबरत आहे' अशा मजकुराचं हमीपत्र सेक्रेटरींकडे द्यावं. ओरडणं अगदीच आवश्यक वाटल्यास रुमाल अथवा पदर तोंडाशी धरावा. निवेदक : श्री. वि. ग. गुप्ते. निवेदकांवर कार्यक्रमाची मुख्य जबाबदारी असल्यानं त्यांनी हृदय सुस्थितीत असल्याचा डॉक्टरी दाखला जोडावा.

हे शेवटचं कलम वाचून गुप्त्यांच्या जिवात जीव आला. सबनिसांच्या कारकिर्दीत त्यांच्या एखाद्या कलमानं कुणाला आनंद झाल्याची ही पहिलीच वेळ. गुप्ते त्याच संध्याकाळी नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेले, आणि जाताना तीन मजले दोनदा धावत चढून-उतरून गेले. डॉक्टरांनी नळी लावली, पट्टा गुंडाळला, जीभ पाहिली.

"उत्तम आहे," ते म्हणाले.

"जरा नीट बघा ना. धडधडतं."

"धडधडणारच, नाहीतर तुम्ही आलाच नसता इथे. घोड्याचं काळीज आहे तुमचं." डॉक्टरांनी दाखला लिहिला आणि तो हातात देताना आवाज खाली आणला. "तुमच्या सोसायटीत तो पिक्चर आहे म्हणे. आम्ही दोघं आलो तर चालेल?"

दुसरा उपाय व्हिडिओ लायब्ररीचा. ती कॅसेट मिळालीच नाही तर कुणाचा इलाज नाही, असा विचार करून गुप्ते स्टेशनजवळच्या लायब्ररीत गेले. कॅसेट बाहेर गेली होती. गुप्त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी लायब्ररीवाल्याचा हात हातात घेतला. तेवढ्यात एक गृहस्थ आत आले, त्यांनी काउंटरवर एक कॅसेट ठेवली आणि काही न बोलता निघून गेले.

"नशीबवान आहात साहेब," लायब्ररीवाला म्हणाला. "उद्यापर्यंत होती त्यांच्याकडे. अर्धी बघून परत दिली. हे तिसरं गिऱ्हाईक. पूर्ण कोणीच बघत नाही, म्हणून रिवाइंड पण करावी लागत नाही पूर्ण."

कॅसेट कागदी पिशवीतून घरी आली आणि आठ दिवस गुप्त्यांच्या कपाटात राहिली. गुप्ते त्या आठ दिवसांत बनियन काढायलाही कपाटाकडे गेले नाहीत. रात्री बाथरूमचा दिवा आता 'चुकून' चालू राहू लागला. पलंगाखाली वाकून ते चपला शोधू लागले, आणि चपला दाराबाहेर आहेत हे बायकोनं, कुंदानं, सांगितल्यावरही शोधतच राहिले.

कुंदा या बाबतीत चौदा वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. शनिवारी मात्र प्रसादाचा रवा चाळता चाळता ती म्हणाली, "अहो, सांगून टाका ना एकदाचं."

"काय सांगून टाकू?"

"जे मला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं ते. जोगेश्वरीच्या लेण्यांत गेलो होतो आपण सगळे. तुम्ही बाहेर चपला सांभाळत बसलात."

"जातात तिथे चपला."

"सगळे चपला घालून आत गेले होते हो."

गुप्त्यांनी परातीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. "लोकांचं सोड," ते म्हणाले. "लोक काय, दोन दिवस हसतील. पण माणिकला काय सांगू? ती बाहेर एकटी झोपते ती माझ्या जिवावर."

कुंदानं चाळणी पुन्हा भरली. ती रवा चाळत राहिली.

रविवारी पूजा झाली आणि पहिला वाद निघाला. देव मांडलेला असताना त्याच घरात भूत लावणं धोंडू राऊळांना पसंत नव्हतं. तेव्हा उत्तरपूजा लवकर उरकून घेतली. मग राऊळांच्या बायकोनं, मालनवहिनींनी, लिंबू-मिरच्या आणल्या आणि त्या व्हीसीआरला बांधायच्या म्हणाल्या. रत्नप्रभाबाई मशीनच्या पुढे आडव्या झाल्या. "जपानी आहे ते! लिंबाचं पाणी आत गेलं तर हेड जाईल." शेवटी तडजोड म्हणून लिंबू-मिरच्या गुप्त्यांच्या शर्टाच्या खिशाला अडकवल्या. गुप्त्यांनी वरवर हरकत घेतली, मनातून त्यांना बरंच वाटलं.

हॉलमध्ये चाळीस माणसं बसली होती. खिडक्यांना सोलापुरी चादरी ठोकल्या होत्या आणि बाहेरचं लख्ख ऊन चादरीच्या भोकाभोकांतून आत टोचत होतं. डॉक्टर जोडप्यानं दाराजवळची जागा पकडली होती. सबनीस हमीपत्रांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. बाई प्ले दाबणार तोच धोंडू राऊळांनी हात वर केला. गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू करायचं नाही.

"बा देवा म्हाराजा!" हात जोडून राऊळ म्हणाले. "आज ह्यो जो काय सिनेमा दाखवचो बेत केलेलो आसा, तो सुखरूप पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळीस माणसं म्हणाली. त्यातली निम्मी कधी कोकणात गेली नव्हती, पण त्या घटकेला देव कुठला याची चौकशी कुणी करत नव्हतं.

"ह्या विलायती भुताक टीव्हीच्या भायर येवची बुद्धी होव नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि गुप्त्यांका बळ दी रे म्हाराजा!"

या वेळी 'व्हय म्हाराजा' सर्वांत मोठ्यानं गुप्त्यांनी म्हटलं.

गुप्त्यांनी आठ दिवस झोप न घेता एक उपाय शोधून काढला होता. ते टीव्हीच्या शेजारी स्टुलावर बसले, पण तोंड लोकांकडे करून. "निवेदकानं श्रोत्यांकडे बघायचं असतं," ते म्हणाले. "कीर्तनकार कधी देवाकडे तोंड करून बोलतो का?" हे सगळ्यांना पटलं. पडदा त्यांच्या पाठीमागे गेला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांनी मोकळा श्वास घेतला. माणिक अगदी पुढे, त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर बसली होती.

सुरुवात झकास झाली. पहिली वीस मिनिटं त्यांना ठाऊकच होती. "हे कुटुंब या घरात नवीन राहायला आलंय," ते म्हणाले.

"सोसायटीची एनओसी घेतली का?" सबनिसांनी विचारलं.

"एवढं मोठं घर, नि मोलकरीण नाही?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"आता तो कुत्रा बघा. कुत्र्याला आधी कळतं. तो भुंकतोय."

"गुप्ते, तो मेला," मागून कुणीतरी म्हणालं.

"हो, म्हणजे मरायच्या आधी भुंकला होता," गुप्ते म्हणाले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपली वीस मिनिटं संपली आहेत.

इथून पुढे त्यांचा स्वतःचा सिनेमा सुरू झाला. पण पाठीमागे दुसराच चालू होता, आणि तो त्यांना फक्त ऐकू येत होता. जिना करकरायचा. मग बराच वेळ काहीच वाजायचं नाही. ते काहीच न वाजणं फार वाईट होतं. गुप्ते बोलत राहिले, तळघर, पायऱ्या, केस विंचरणारी बाई, आणि बोलताना समोरच्या माणसांच्या तोंडांकडे बघू लागले, कारण दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

आपण उपाय शोधला नसून सापळा शोधला आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. टीव्हीच्या निळ्या उजेडात चाळीस चेहरे त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होते. रोज पाण्याच्या वेळेवरून भांडणारे, जिन्यात चपला काढू नका म्हणून ओरडणारे हे चेहरे, पण आज एकही ओळखीचा वाटेना. रत्नप्रभाबाईंचं तोंड उघडं होतं आणि त्या ते मिटायला विसरल्या होत्या. सबनिसांच्या मांडीवरची हमीपत्रं एकेक करून खाली घसरत होती आणि ते उचलत नव्हते. डॉक्टरांनी बायकोच्या पदरात डोकं घातलं होतं. धोंडू राऊळ, ज्यांना गावाकडे फुकट दिसत असे, ते हळूहळू टेबलाखाली सरकत होते आणि पुटपुटत होते, "रवळनाथा, सांभाळ रे." हे सगळे जे बघत होते ते गुप्त्यांच्या पाठीपासून दीड फुटावर होतं. त्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले. मागे वळून पाहावं तर धीर होत नव्हता, आणि न पाहता बसणं त्याहून कठीण होत चाललं होतं. ते काय बोलत होते, ते त्यांनाही कळेनासं झालं.

एकच चेहरा शांत होता. माणिक पडद्याकडे बघतच नव्हती. ती पहिल्यापासून बापाकडे बघत होती. गुडघे पोटाशी घेतलेले, हनुवटी गुडघ्यांवर, आणि डोळे सरळ गुप्त्यांच्या तोंडावर. बाबा घाबरत नाहीत तोवर घाबरण्यासारखं काही नाही, एवढा तिचा साधा हिशेब होता. गुप्त्यांना तो समजला आणि त्यांनी तोंडावरची एक रेघ हलू दिली नाही. घाम कानामागून कॉलरमध्ये उतरत होता, पण तोंड त्यांनी हसरं ठेवलं. त्या पोरीकडे बघत त्यांनी पंधरा मिनिटं रेटली. त्यांच्या आयुष्यात खरी बहादुरीची अशी तीच पंधरा मिनिटं होती, आणि ती कुणाला दिसली नाहीत.

मग मागे काहीतरी घडलं. आवाज आला नाही. फक्त चाळीसच्या चाळीस चेहरे एकदम मागे झुकले, आणि माणिकची नजर गुप्त्यांच्या तोंडावरून सुटून त्यांच्या खांद्यामागे गेली.

त्यांनी तो चेहरा बदलताना पाहिला. आधी डोळे, मग गाल. तिचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. ती 'बाबा' म्हणाली, हे त्यांना नुसत्या ओठांवरून कळलं. मुलगी बाबा म्हणून हाक मारत होती, आणि बाबा उठून दाराकडे पळाले.

पळताना त्यांनी काय काय केलं याची यादी नंतर झाली. स्टूल पाडलं. डॉक्टरांच्या बायकोला तुडवलं. टेबलाखालून धोंडू राऊळांनी घाबरून त्यांचा पाय धरला, तेव्हा अंधारात आपला पाय कुणीतरी धरला आहे एवढंच त्यांना कळलं, आणि त्यांनी काढलेला आवाज समोरच्या इमारतीत ऐकू गेला. पाय सोडवताना तो वायरमध्ये अडकला, प्लग भिंतीतून उपटला गेला, टीव्ही विझला, आणि एकाएकी पडलेल्या काळोखात चाळीस माणसं एकदम ओरडली. तोंडाशी रुमाल कुणीही धरला नाही. गुप्त्यांना ते ऐकू आलं, पण तोवर ते अनवाणी कंपाउंडमध्ये पाण्याच्या टाकीपाशी पोचले होते.

बाहेर चार वाजले होते. ऊन होतं. एक बाई दोरीवरचे कपडे काढत होती आणि जुन्या बाटल्यावाला तिच्याशी हुज्जत घालत होता. गुप्ते टाकीच्या कठड्याला टेकून उभे राहिले. शर्टाच्या खिशावर लिंबू-मिरच्या लोंबत होत्या. त्या काढून टाकायचंही त्यांना सुचलं नाही. लाज माणसाला इतकी वाटू शकते हे त्यांना माहीत नव्हतं. पोरीला त्या काळोखात टाकून आपण पळालो, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मंडळी बाहेर आली. सर्वांत पुढे सबनीस. आता बोलणी खायची, म्हणून गुप्त्यांनी मान खाली घातली.

"गुप्ते," सबनीस म्हणाले, "याला म्हणतात प्रसंगावधान."

गुप्त्यांनी मान वर केली.

"रत्नप्रभाबाई बेशुद्ध पडायच्या बेतात होत्या. ते तुम्ही समोरून बरोबर ओळखलंत आणि क्षणात वायर ओढलीत. इतिवृत्तात अभिनंदनाचा ठराव घेतो."

"माका लाथ घातलास, पण वायर खेचलस," धोंडू राऊळ कौतुकानं म्हणाले. "वाघ आसस तू, वाघ!"

"मशीनला काही झालं नाही हो," रत्नप्रभाबाईंनी सांगितलं. "आणि उरलेला पिक्चर आम्हाला बघायचा नाहीये."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या, आणि मंडळी चहाला आत गेली.  इतकी वर्षं खोटं बोलून गुप्त्यांना जे मिळालं नव्हतं, ते आज काही न बोलता मिळालं.

माणिक मागे राहिली होती. तिनं त्यांच्या चपला आणल्या होत्या. त्या खाली ठेवून तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही मुद्दाम ओढलीत वायर?"

हो म्हणायचं होतं. एवढंच. उत्तर अख्ख्या सोसायटीनं तयार करून हातात दिलं होतं, ठरावासकट. गुप्त्यांनी हो म्हणायला तोंड उघडलं. पण मघाचे ते हललेले ओठ त्यांना दिसत होते, आणि त्या ओठांसमोर हो म्हणवेना.

"नाही गं," ते म्हणाले. "पाय अडकला माझा. मी पळत होतो."

"भुताला घाबरून?"

"भूत मी बघितलंच नाही. पाठ होती ना माझी. तुझं तोंड बघून घाबरलो."

माणिकनं थोडा विचार केला. "आणि तेव्हा? फोर्टात?"

"तेव्हा बाहेर होतो. वेफर्सच्या काउंटरपाशी. शेवटपर्यंत."

बोलून झाल्यावर गुप्त्यांना वाटलं, आता ही आपल्याकडे पुन्हा त्या नजरेनं कधी बघणार नाही. छातीत दुखल्यासारखं झालं. डॉक्टरी दाखल्यात त्याची नोंद नव्हती.

 माणिक टाकीच्या पायरीवर बसली. पाठीवरचं दप्तर उतरवल्यावर बसतात तशी, सगळं अंग सोडून.

"मला रोज भीती वाटते," ती म्हणाली. "बाहेरच्या खोलीत. मी डोळे मिटतच नाही. दूधवाला आला की मग झोप येते."

"रोज?"

"रोज."

"अगं, मग सांगितलं का नाहीस? वर्ष झालं!"

"तुम्हाला वाटत नाही ना," माणिक म्हणाली. "मग मला वाटते असं कसं सांगणार?"

गुप्त्यांना वाटलं, कुणीतरी येऊन आपल्या कानफटात मारावी. कुंदाच्या शेजारी, भिंतीच्या बाजूला ते वर्षभर निवांत झोपले होते, आणि पलीकडच्या खोलीत ही दहा वर्षांची पोर त्यांचा शूरपणा सांभाळत उघड्या डोळ्यांनी पडून होती.  ते तिच्या शेजारी पायरीवर बसले. बाटल्यावाला हुज्जत संपवून निघून गेला तरी दोघं तिथेच होती.

त्या रात्री कुंदानं काही न विचारता आतल्या खोलीत तीन गाद्या शेजारी शेजारी घातल्या. दाराकडची बाजू तिनं स्वतः घेतली आणि ती लगेच घोरू लागली. उरल्या दोन. एक मधली आणि एक खिडकीकडची. गुप्ते आणि माणिक आपापली उशी पोटाशी धरून उभे होते. गुप्त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीचं एक दार वाऱ्यानं हलत होतं. आपण बाप आहोत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तरी त्यांचा पाय त्या बाजूला उचलेना.

माणिकनं त्यांच्याकडे क्षणभर नीट निरखून पाहिलं. मग आपली उशी खिडकीकडच्या गादीवर टाकली.

"आज तुम्ही मधे झोपा बाबा," ती म्हणाली. "पण उद्या माझी पाळी."

"नको गं, तू..." गुप्ते म्हणाले, आणि मधे जाऊन झोपले.